सगुणाबाईंच्या हिरड्या

सोलापुरात भवानी पेठेत मी दातांचा दवाखाना उघडला, तेव्हा दातांच्या डॉक्टरचं लोकांना एकच काम ठाऊक होतं. दारात चपला काढता काढताच माणूस सांगायचा, "काढायचाय." कुठला, कधीपासून दुखतोय, असं विचारायला गेलं की त्याच्या चेहऱ्यावर शंका उमटायची: बाईला दात काढता येत नसणार, म्हणून ही वेळ घालवतेय. दात काढायला मनगटात जोर लागतो आणि तो बाईमाणसाकडे कुठून असणार, असं सरळ गणित होतं. प्रत्यक्षात दात जोरानं निघत नाही. तो हलक्या हातानं आत-बाहेर झुलवत सैल करावा लागतो, मग तो आपण होऊन चिमट्यात येतो. पण हे तोंडानं सांगून कुणाला पटत नसे. एखादा धाडसी माणूस खुर्चीत बसायचा, दात निघाला तरी त्याला कळायचं नाही, आणि मग तो बाहेर बाकावर बसलेल्यांना सांगायचा, "जावा जावा, हात हलका हाय बाईंचा." माझी जाहिरात झाली ती एवढीच.

मुंबईला शिकून मी सोलापुरात आले ती लग्न होऊन. यजमान इथल्या एका कॉलेजात शिकवत. दवाखाना म्हणजे रस्त्यालगतच्या दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसभर त्यांची खडखड. सुरुवातीला डोकं उठायचं. नंतर लक्षात आलं की पेशंट ओरडला तरी या आवाजात ते रस्त्यावर ऐकू जात नाही, तेव्हा माझी तक्रार थांबली.

मदतीला नरसम्मा होती. मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातली, पन्नाशीची, भरदार आवाजाची बाई. स्टोव्हवर हत्यारं उकळणं, पेशंटचं डोकं धरणं, आणि रडणाऱ्याला गप्प करणं, ही तिची कामं. तिच्या मराठीत पुरुष 'येतंय' आणि बाईही 'येतंय'. मी तिच्या मुलीच्या वयाची, तरी ती मला 'अम्मा' म्हणायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वकीलसाहेब चांगल्या धडधाकट दातावर सोन्याची टोपी बसवून मागत होते. उलटतपासणी घेताना ती साक्षीदाराच्या डोळ्यांवर चमकली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तालमीतला एक गडी सुई बघूनच खुर्चीत आडवा झाला. नरसम्मानं त्याच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस विचारलं, तर म्हणे, "एवढा मोठा दरवाजा, आतमधी घर नाही."

पण शिकत असताना माझा जीव खरा गुंतला होता तो हिरड्यांत. दात दुखला की माणूस धावत येतो, हिरडी मात्र बहुतेक वेळा दुखतच नाही. तिचा आजार गुपचूप चालतो. दाताच्या बुडाशी कीटण साचतं. आधी पिवळं आणि मऊ असतं, मग काळपट होऊन दगडासारखं घट्ट बसतं. त्याच्या काठानं हिरडी सुजते, लाल होते, जरा काही लागलं की तिच्यातून रक्त येतं. हळूहळू ती दातापासून सुटते आणि मुळाकडे सरकते. आत दाताला धरून ठेवणारं हाड असतं, तेही विरत जातं. दात लांब दिसू लागतात. लोकांना वाटतं दात वाढले. दात वाढलेले नसतात, मुळं उघडी पडलेली असतात. आणि एकदा मागं सरकलेली हिरडी आपली आपण पुढं येत नाही. ती आहे तिथं थांबवणं, तिच्याखालची घाण काढून तिला पुन्हा घट्ट करणं, एवढंच माझ्या हातात असायचं. तेही पेशंट वेळेवर आला तर. सहसा तो येत नसे, कारण दात हलू लागले की वय झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. सांगोल्याकडचं एक जोडपं आलं. पुरुष उंच, काळा, डोक्याला पटका, मिशा झुपकेदार. नाव सोपान. धंद्यानं बैलांचा हेडी, म्हणजे बाजारात बैल पारखून घेणारा आणि विकणारा. त्याच्या मागं त्याची बायको सगुणा, पदर तोंडावर ओढून उभी.

"हिचं समदं दात काढून टाका बाई," सोपानराव उभ्यानंच म्हणाले. "आन कवळी बसवा. आमच्या बाजारात दात काढनारा बसतोय, त्यो म्हनला ठिवून उपेग न्हाय. त्योच काढत हुता, पर हिनं हट्ट धरला, बाई डाक्टरकडंच जायचं."

"वय काय यांचं?"

"म्हातारीच की आता. लेक दिलीया मोडनिंबाला."

मी सगुणाबाईंना विचारलं. त्यांना वय सांगता येईना, पण लेकीचं लग्न दुष्काळाच्या आदल्या साली झालं आणि तेव्हा लेक पंधराची होती, एवढं सांगितलं. खुद्द त्यांचं लग्न त्याहून लहानपणी झालेलं. मी मनात हिशोब केला. बाई पस्तिशीच्याही अलीकडची होती.

त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला. दात मिशरीनं काळे झालेले. हिरड्या सुजून गडद लाल, आणि बोटानं जरा दाबलं की काठाकाठानं पू येत होता. खालचे पुढचे दात तर जिभेच्या धक्क्यानं हलत होते. तोंडं मी पुष्कळ बघितली होती, पायरियाही पुष्कळ बघितला होता. पण एवढ्या कमी वयात एवढा झपाट्यानं वाढलेला क्वचित. आणि तोंडाला नुसता पुवाचा वास नव्हता. त्याखाली आणखी एक वास होता, पेरू जास्त पिकल्यावर येतो तसा, गोडसर.

मी जरा मागं सरकून त्यांच्याकडे नीट बघितलं. चोळी खांद्यावरून ओघळत होती. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. एवढ्यात नरसम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मा, बाकावर बसून ती बाई माठ रिकामा केलं. पाणी पितंय, मागं जातंय, येऊन पुन्हा पितंय."

"सगुणाबाई, तहान फार लागते का?"

"लई लागती."

"रात्री लघवीला उठावं लागतं?"

त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. "डोळ्याला डोळा लागंना झालाय."

"कधीपासून?"

"झाली की दोन सालं."

मी हत्यारं ट्रेमध्ये ठेवली आणि सांगितलं, "आज मी एकही दात काढणार नाही. आधी यांची लघवी तपासायची. मला मधुमेहाची शंका येतेय."

सोपानरावांचा चेहराच बदलला. "बाई, आमी दातासाटी आलूय. दाताचा आन लघवीचा काय संबंद? आमी सांगोल्यासनं येष्टीनं आलूय, उद्या माजा बाजार हाय. तुमाला काढाया जमत नसंल तर तसं सांगा. आमी दुसरीकडं जातो. चल गं, ऊट."

असं बोलणं मला नवीन नव्हतं. अशा वेळी पेशंट उठून जातो आणि आपण गप्प राहतो, हेही सवयीचं होतं. पण सगुणाबाई उठल्या नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांनी पंजे घट्ट रोवले.

"मी न्हाय येत," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "दोन सालं झाली, अंगातलं बळ गेलंय माजं. अंगारा झाला, झाडपाला झाला. पर पानी किती पितीस, रातचं किती येळा उटतीस, हे कुनी इचारलं न्हाय. या बाईंनी इचारलं. तुमी जावा बाजाराला. मी हितंच बसती."

सोपानराव बाहेर गेले आणि पायरीवर बसून बिडी ओढू लागले. मला वाटलं, आता हा माणूस खरंच निघून जाईल. बायकोला चारचौघांत पहिल्यांदाच उलटून बोलताना ऐकलं असावं त्यांनी. पण ते गेले नाहीत, तेव्हा मीच बाहेर गेले. समजूत कशी काढावी ते सुचेना, म्हणून त्यांच्या धंद्याचंच विचारलं.

"सोपानराव, बैलाचं वय तुम्ही कसं ओळखता?"

त्यांनी मान वर केली. चिडलेल्या माणसालाही आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं. "दात बगून की. आदत म्हंजी दुधाच्या दाताचं खोंड. मग दोनदाती, चारदाती. समदं दात आलं की जुळला म्हनायचं."

"आणि अगदी म्हातारा झाला की?"

"मग दात झिजत्यात. घासून घासून पार खुट्टं ऱ्हात्यात."

"मग आत या आणि बायकोचे दात बघा. मी दिवा धरते."

ते ओशाळले. परक्या ठिकाणी, दोन बायकांच्या देखत बायकोच्या तोंडात डोकवायचं म्हणजे अवघडच. पण आले. मी सगुणाबाईंचा ओठ आरशानं बाजूला केला आणि त्यांना जागा दिली. ज्या माणसानं आयुष्यभर बाजारात उभं राहून तोंडं उघडून बघितली, तो त्या दिवशी बायकोच्या तोंडात बराच वेळ बघत राहिला.

"झिजल्यालं न्हाईत," ते हळूच म्हणाले. "धार हाय अजून. पर मुळं उगडी पडल्यात."

"म्हणजे या म्हाताऱ्या झाल्या नाहीत, सोपानराव. या आजारी आहेत."

त्यांनी पटका काढून हातात घेतला. मग बायकोला विचारलं, "दुकत हुतं का गं?"

"दात न्हाय दुकलं," सगुणाबाई म्हणाल्या. "बाकी समदं दुकत हुतं."

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी डॉ. हिरेमठांचा दवाखाना होता. मधुमेहाचे पेशंट त्यांच्याकडे बरेच असत. गृहस्थ अक्कलकोटकडचे, घरी कानडी आणि बाहेर मराठी, वयानं माझ्याहून पुष्कळ मोठे. वर चार-पाच खाटांची सोयही होती. मी स्वतः त्या दोघांना घेऊन गेले. तेव्हा साखर बघायची पद्धत सोपी होती. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, आणि विटकरी झालं तर फार आहे. सगुणाबाईंची नळी उकळी फुटायच्या आत विटकरी झाली.

"अय्यो," हिरेमठ स्वतःशीच म्हणाले. मग मला बाजूला घेऊन बोलले, "ताई, या अवस्थेत दात काढले असते ना, तर जखमा भरल्या नसत्या. पू पसरला असता. बाई वाचली असती की नाही, मला सांगता येत नाही."

मी माझ्या शंकेला दुजोरा मिळवायला गेले होते आणि येताना त्या बाजारातल्या दात काढणाऱ्याच्या हातातला चिमटा डोळ्यांपुढून हलेना.

सगुणाबाईंना तिथंच ठेवून घेतलं. इन्सुलिन सुरू झालं. तहान कमी झाली, झोप लागू लागली. पण साखर म्हणावी तशी उतरेना. हिरेमठ औषध वाढवत होते आणि नळी पिवळ्याच्या खाली यायला तयार नव्हती. शेवटी तेच माझ्याकडे आले. म्हणाले, "अंगात कुठंतरी पू असला की साखर हट्टाला पेटते. फोड नाही, जखम नाही, छाती स्वच्छ आहे. राहिलं ते तुमचं खातं."

मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, हे मी शिकले होते. पण बिघडलेल्या हिरड्या उलट मधुमेहालाही आवरू देत नाहीत, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोरच्या खाटेवर बघणं वेगळं. अशा माणसाच्या सगळ्या हिरड्यांखालचा चिघळलेला भाग एका जागी आणला, तर तळहाताएवढी जखम होईल. तेवढी उघडी जखम पायावर असती तर घरच्यांनी त्याच दिवशी बैलगाडी जुंपली असती. तोंडात होती म्हणून दोन वर्षं कुणाला दिसली नाही.

पेनिसिलिन देऊन आम्ही कामाला लागलो. त्यांना माझ्याकडे चालवत आणण्याऐवजी मीच हत्यारं उकळून डब्यात भरून तिकडं जायचे. नरसम्मा टॉर्च धरायची. आधी पुवानं फुगलेल्या जागा मोकळ्या केल्या. मग थोडं थोडं कीटण खरवडायचं, एका बैठकीत दोन-तीन दातांचं. हिरडीच्या आत हत्यार सरकवून आंधळ्यानं चाचपावं तसं बोटांनीच ओळखावं लागतं, कुठं दात आहे आणि कुठं कीटण. सगुणाबाई हूं की चूं करत नसत. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायचं.

"ओरडा की," नरसम्मा त्यांना म्हणायची. "सगळे ओरडतंय. अम्माला सवय आहे."

मधल्या विश्रांतीत त्या बोलायच्या. मिशरी त्यांना दुष्काळानं लावली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. दुपारी भाकरी असायचीच असं नाही. बरोबरच्या बायकांनी सांगितलं, मिशरी लाव, भूक मरते. "आन खरंच मरायची बाई," त्या म्हणाल्या. "पोरांच्या वाटचं मग पोरांस्नी पुरायचं." मिशरीवरून मी बायकांना रागं भरायचे, ते त्या दिवसापासून बंद केलं. सोडा म्हणून सांगितलंच पाहिजे, ते सांगत राहिले. पण रागावणं सोडलं.

तोंडातला पू थांबला तशी नळीही बदलली. पिवळ्याची हिरवी झाली, आणि एके सकाळी हिरेमठांचा कंपाउंडर ती हातात धरून माझ्या दारापर्यंत आला. जवळजवळ निळी होती. "डॉक्टर म्हणाले, दाखवून या," एवढंच तो बोलला. भर रस्त्यातून तो ती नळी उंच धरून घेऊन आला होता. मला अजून ते दृश्य आठवलं की हसू येतं आणि बरंही वाटतं.

आता प्रश्न होता घरी सुई कोण देणार. सोपानराव दर बाजार संपला की यायचे, खाटेशेजारी बसून राहायचे. हिरेमठांनी त्यांनाच शिकवायचं ठरवलं. काचेची सिरिंज उकळायची, औषध रेघेपर्यंत ओढायचं, हवा काढायची, कातडी चिमटीत धरून सुई टोचायची. बैलाला वेसण घालताना न कचरणारा माणूस, पण त्या केसाएवढ्या सुईपुढं कचरला. दोनदा सुई जवळ नेऊन मागं घेतली.

"मला न्हाय जमायचं, डाक्टर. बैल वेगळा, ही वेगळी."

तेव्हा सगुणाबाईंनी स्वतःच दंड पुढं केला. "टोचा की. तुमी न्हाय टोचलं तर कोन टोचनार? शेजारीन?"

त्यांनी टोचलं. मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि पटक्यानं तोंड पुसत राहिले. हिरेमठ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांच्या वस्तीवर बर्फाची पेटी वगैरे काही नव्हती. औषधाची बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत गाडग्यात ठेवायची, असं हिरेमठांनी सांगितलं. सोपानरावांनी रांजणाभोवती काट्यांचं कुंपणच केलं, शेरडांनी गाडगं उलथू नये म्हणून. निळ्या औषधाची बाटली आणि नळीही घेऊन गेले. पुढं ते मला नेमानं सांगायचे, "निळं हाय बाई," किंवा, "या आटवड्यात जरा हिरवट झालं हुतं. लेकीकडं जाऊन पुरनाची पोळी खाल्ली हिनं."

हिरड्यांचं काम वर्षभर चाललं. ठरल्या वेळी त्या यायच्या, कधी दोघं, कधी एकट्या. खालचे पुढचे दोन दात मला वाचवता आले नाहीत. त्यांच्याभोवती हाडच उरलं नव्हतं. साखर ताब्यात आल्यावर ते काढले. त्याची हळहळ अजून आहे. आणखी वर्षभर आधी त्या आल्या असत्या तर ते राहिले असते. उरलेल्या हलत्या दातांना मी बारीक तारेनं एकमेकांशी बांधलं, हाड आणि हिरडी सावरेपर्यंत आधार म्हणून. हिरडी जिथवर सरकली होती तिथंच राहिली. पण तिचा रंग बदलला. गडद लाल जाऊन फिकट गुलाबी झाली, दाताला घट्ट धरून बसली. हिरड्यांच्या डॉक्टरला तो गुलाबी रंग बघितल्यावर काय वाटतं, ते बाहेरच्याला सांगणं अवघड आहे.

मिशरी सुटता सुटली नाही. मध्ये एकदा त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "बाई, तुमी सोडा म्हनला म्हून सोडली, तर रगात याया लागलं! मिशरी हुती तवा येत नव्हतं." हेही लोकांना ठाऊक नसतं. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी रक्त दिसत नाही. मिशरी सोडली की लपलेलं उघड होतं. मी समजावलं, पंधरवडाभर सोसा, नीट घासत राहा, थांबेल. थांबलं. पण नंतरही दोन-तीनदा त्यांनी चोरून लावलीच. मला दातांवरून कळायचं, मी फक्त बघायचे, आणि त्याच हसून म्हणायच्या, "घावलं व्हय?"

त्या जोडप्यानं मला काय दिलं, याचा विचार मी आता पुष्कळदा करते. तोपर्यंत मी तोंड उघडून तोंडच बघत होते. सगुणाबाईंच्या नंतर हलता दात घेऊन कुणीही आला की मी आधी विचारू लागले. तहान लागते का? वजन उतरलंय का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? ज्याच्या हृदयाच्या झडपा त्या तापानं अधू झालेल्या असतात, त्याच्या हिरड्यांतली घाण रक्तातून तिथवर पोचून मोठा घात करू शकते. अशा माणसाला औषधाचं कवच दिल्याशिवाय हात लावायचा नसतो. लोक आधी वैतागायचे. "दाताच्या बाईला एवढ्या चौकशा कशाला?" पण त्या चौकशांतून किती जणांचा मधुमेह आणि किती जणांचं हृदय सापडलं, याची मी मोजदाद ठेवली नाही. हिरेमठांनीही मेजावर एक टॉर्च आणून ठेवला. मधुमेहाचा पेशंट आला की आधी "आ करा" म्हणायचे आणि शंका आली की माझ्याकडे धाडायचे. आमच्या दोन दवाखान्यांमध्ये माणसांची ये-जा सुरू झाली, ती ते असेपर्यंत चालली.

आणि सोपानराव. बाजारात बैलाचं तोंड बघता बघता त्यांची नजर मालकाच्या तोंडावरही जायला लागली. "डाक्टरीनबाईंकडं जा, भवानी पेठंत. आन जाताना लघवी तपासून जा," असं ते लोकांना सांगायचे. त्यांनी धाडलेला माणूस मला लगेच ओळखू यायचा, कारण तो दात काढायला आलेला नसे. तो म्हणायचा, "का हालतंय ते बगा म्हनलंय सोपानरावानं." कुठल्याही मोठ्या कॉलेजातल्या प्राध्यापकानं शिकवावं असं वाक्य सांगोल्याच्या बैलबाजारातून माझ्यापर्यंत येत होतं. नव्या डॉक्टरीणबाईवर विश्वास ठेवायला सोलापूर-सांगोल्याच्या लोकांना कारण नव्हतं. ते कारण या दोघांनी दिलं.

दशक सरत आलं होतं, तेव्हाची एक दुपार. सगुणाबाई लेकीला घेऊन आल्या. लेकीचे दिवस भरत आले होते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. सासरचे म्हणाले होते, पोटुशी बाईला येतंच, होईल बरं. सगुणाबाईंनी ऐकलं नाही. मोडनिंबाहून तिला सरळ गाडीत घातलं होतं.

"आदी तुमी बगा," त्या म्हणाल्या, "मग त्या साकरंवाल्या डाक्टरला दावती."

मी तपासलं. नुसती सूज होती, गरोदरपणात येते तशी. थोडं कीटण होतं ते हलक्या हातानं काढलं, घासायचं कसं ते दाखवलं. साखरही तपासून आल्या, नळी निळी निघाली. लेक मोकळेपणी हसली. तोवर जेवायची वेळ टळून गेली होती. सगुणाबाईंनी बाकावर फडकं सोडलं. आत कडक भाकरी होती, पापडासारखी पातळ आणि शेकून शेकून टणक केलेली, आणि शेंगादाण्याची चटणी. त्यांनी आधी नरसम्माला दिली, मग मला, मग लेकीला. नरसम्मा भाकरी हातात फिरवत म्हणाली, "हे मला चावत नाही. आमटीत भिजवून खाते मी."

"भिजीव की," सगुणाबाई म्हणाल्या. आणि आपल्या वाटणीचा भलाथोरला तुकडा त्यांनी तोडला, त्यावर चटणी घेतली आणि दाढेखाली धरला.

पलीकडे माग चालू होते. तरीही भाकरी मोडल्याचा तो कडाक आवाज आम्हा चौघींनाही स्वच्छ ऐकू आला.